कॉफीची जेली आणि एकच पंगत

गेल्या वर्षीं संमेलनाच्या अल्पोपाहारांत जेली ठेविली होती. तांबडी, थरथरणारी, पाहतांच मोह पाडणारी. तरी कित्येक मुलांनीं ती चमच्यानें बाजूस सारली, आणि एका मुलीनें तर "आईनें नको म्हटलें आहे" एवढेंच सांगून बशी परत केली. आम्हांस तो हट्ट वाटला. मागाहून पुडीवरील बारीक अक्षरें वाचलीं, तेव्हां चूक आमचीच होती असें कळलें. बाजारच्या जेलीस घट्टपणा देणारें जिलेटिन जनावरांच्या कातड्यांपासून व हाडांपासून, बहुधा डुकराच्या किंवा गाईबैलांच्या, काढितात. त्या एका बशीपाशीं हिंदु, जैन, मुसलमान अशा कितीतरी घरांची अडचण होते. शाळेच्या पंगतींत असा पदार्थ मुळींच असूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मग जेलीच नको काय? तसें नाहीं. कॉफीची जेली इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं करीत असत. पण तिचें खरें कौतुक जपानांत झालें. तेथें तैशो काळांत (१९१२ ते १९२६) ती लोकांस आवडूं लागली आणि आजही उपाहारगृहांतून काळ्या चौकोनी वड्यांवर साय ओतून देतात. जपानी गृहिणी ती पुष्कळदां 'कांतेन' घालून करितात. कांतेन समुद्रांतील शेवाळापासून होतें. आपले वाणी ज्यास चायना ग्रास म्हणतात तें हेंच.

कृति थोडकी आहे. चायना ग्रासची पूड ४ ग्रॅम, ४०० मिलिलिटर थंड पाण्यांत कालवून चुलीवर ठेवावी आणि उकळी फुटल्यावर दोन मिनिटें ढवळीत राहावें. पूड पुरती विरघळली पाहिजे. मग चार-पांच चमचे साखर घालून पातेलें खालीं उतरावें व कॉफीचा १०० मिलिलिटर दाट, गाळलेला काढा मिसळावा. काढा गरमच हवा. आम्हीं पहिल्या खेपेस फ्रिजमधला थंडगार काढा ओतला, तों पातेल्यांत गांठीच गांठी! चायना ग्रास ३५ ते ४० अंशांच्या सुमारास थिजतें, हें आम्ही विसरलों होतों. परंतु तें पुन्हां वितळण्यास ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते, म्हणून पुन्हां उकळतांच सर्व सुरळीत झालें. थाळींत ओतावें, वड्या पाडाव्या, गार करून वर साय किंवा गोड दूध घालावें. वैशाखांतही ही जेली फ्रिजवांचून थिजते. फ्रिज केवळ गारव्यापुरता.

ह्याच गुणानें स्वयंपाकघरांतील ही वस्तु प्रयोगशाळेंत गेली. रॉबर्ट कॉख यांच्याकडे जंतु वाढविण्यास जिलेटिन वापरीत, तें उबेंत वितळून जाई. तेथील वॉल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस जेलींत हें शेवाळ घालीत असत. १८८१ मध्यें त्यांनीं तेंच सुचविलें, आणि आजही जंतुशास्त्राच्या बशा त्यावरच भरतात. स्वयंपाक शिकण्यास लाजणाऱ्या आमच्या मुलग्यांनीं ही गोष्ट ध्यानांत घ्यावी.

जिलेटिनची जेली जिभेवर विरघळते, ही मात्र विरघळत नाहीं, दातांखालीं तुटते. हें आम्हांस मान्य आहे. मुलांस कॉफी कशाला, ही पालकांची शंकाही रास्त आहे. लहान वर्गांसाठीं कॉफीऐवजीं नारळाचें दूध घालावें. मोठ्यांस दोन वड्या पुष्कळ झाल्या.

यंदाच्या संमेलनास हीच जेली करावी अशी आमची सूचना आहे. पातेलीं शाळेचीं आहेतच. आदल्या सायंकाळीं ढवळण्यास चार हात हवे आहेत. आणि बशी परत करणाऱ्या त्या मुलीच्या आईस आम्ही पहिलें बोलावणें धाडणार आहों.