हसवणारा वायू

फराळाच्या ताटाशेजारी यंत्राची एखादी गोष्ट वाढायची आमची खोड या सदराच्या वाचकांना जुनीच आहे. यंदाचे यंत्र मात्र सातासमुद्रापलीकडचे. गेल्या उन्हाळ्यात मिशिगनला भाच्याकडे गेलो होतो. निघताना धाकट्या बहिणीने बजावले, "दादा, त्या गाडीचे वेड काढ त्याच्या डोक्यातून. साठवलेले सगळे पहिल्या इंजिनात घालवून बसलाय."

गाडी १९९० सालची मस्टँग. आठ सिलिंडरांचे, मूळ २२५ अश्वशक्तीचे इंजिन. डिकीत निळी बाटली, तीत नायट्रस ऑक्साइड. म्हणजे हम्फ्री डेव्हीने १८०० साली ज्याच्या गमती लिहून ठेवल्या, तोच दातांच्या डॉक्टरांकडचा हसवणारा वायू! दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी उंचावरच्या विरळ हवेत आपल्या विमानांना हाच पाजला होता.

हा स्वतः जळत नाही, बरे का. हवेत वजनाने २३ टक्के प्राणवायू, तर यात ३६. सिलिंडरातल्या उष्णतेने तो फुटतो आणि प्राणवायू मोकळा होतो. शिवाय द्रवाचा वायू होताना आत येणारी हवा गारठून दाट होते. मग जास्त पेट्रोल जाळता येते. येते कसले, जाळावेच लागते! ते कमी पडले की उष्णता भलतीच चढते आणि अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन मेणासारखा वितळतो.

पहिल्या खेपेस तेच झाले. बाटली दुपारभर उन्हात राहिली. चौरस इंचाला ९५० पौंड हवा तो दाब बाराशेवर गेला. वायू वाढला, पेट्रोल होते तेवढेच. पाव मैलाच्या शर्यतीत अर्ध्या वाटेवर धूर, आणि तीन वर्षांची शिल्लक खलास.

मी गेलो होतो समजूत घालायला, आणि उभा राहिलो हातात बॅटरी धरून. (बहिणीला हे या अंकातूनच कळेल.) या वेळी पोराने घाई केली नाही. पितळेच्या जेट लहानातल्या लहान, फक्त ५० अश्वशक्तीच्या. एक वायूची, एक पेट्रोलची. असे मिश्रण भरभर जळते, म्हणून ठिणगी दोन अंश उशिराने. प्लग थंड जातीचे. बाटली सावलीत, आणि काट्यावर डोळा. बटण दाबायचे ते पाय तळाला टेकल्यावरच.

रिकाम्या पट्टीवर गाडी एकदा पळवली, इंजिन तिथेच बंद केले आणि प्लग काढला. चिनी मातीवर चांदीसारखे बारीक कण दिसले, तर समजायचे पिस्टन वितळू लागला. भाच्याने भिंग माझ्या हाती दिले.

"मामा, तुम्हीच बघा. मला धीर होत नाही."

मी दोनदा पाहिले. कण नव्हते. तळाशी किंचित बदामी कडा, बाकी स्वच्छ.

"मग मोठ्या जेट घालू?" त्याचा चेहरा एकदम उजळला.

"आधी आईला फोन कर," मी म्हटले.