बोक्याची भरलेली वाटी

‘शिंक्याचे तुटले आणि बोक्याचे फावले’ ही म्हण ज्या घरांत जन्मली, तिथे शिंके काही रोज तुटत नसे. दुधाचे भांडे उंचावर, उंदीर वळचणीला आणि बाकीचे मांजराने आपले आपण पाहून घ्यावे, असा साधारण व्यवहार होता. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये शिंके उरलेले नाही. तिथे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक वाटी असते. ती कोरड्या खाद्याने भरलेली असते आणि थोडा तळ दिसला की घरातले कोणीतरी ती पुन्हा भरते. खिडक्यांना जाळ्या, नसबंदी झालेली, दिवसाचा बराचसा भाग झोपेत. बोक्याचे आता चोवीस तास फावते.

परिणाम दिसतो तो प्राण्यांच्या दवाखान्यातल्या काट्यावर. आपल्याकडच्या सामान्य घरगुती मांजराचे वजन साधारणपणे तीन ते साडेचार-पाच किलोच्या दरम्यान असते. काट्यावर सहा-साडेसहाचा आकडा आला की घरचे लोक कौतुकाने हसतात. ‘खातं-पितं घर आहे’ असा त्या हसण्याचा अर्थ. ऑस्ट्रेलियातल्या ‘हिमी’ नावाच्या मांजराचे वजन २१.३ किलो होते आणि १९८६ साली ते दहाव्या वर्षी श्वसनाच्या विकाराने मेले. सर्वांत वजनदार मांजराचा हा विक्रम गिनीजच्या पुस्तकात नोंदला गेला खरा, पण पुढे गिनीजने तो प्रकारच बंद केला, कारण विक्रमासाठी लोक प्राण्यांना कोंबून खाऊ घालतील ही भीती होती. विक्रम मोडायचा नसतानाही कोंबणे मात्र सुरूच आहे.

गुबगुबीत मांजर गोंडस दिसते, याबद्दल वाद नाही. पण मांजरातला मधुमेह बहुतांशी माणसाच्या टाइप-२ मधुमेहासारखा असतो आणि लठ्ठपणा हे त्याचे एक मोठे कारण. सांधे दुखतात, म्हणून उड्या बंद होतात. त्या बंद झाल्या की घरच्यांना वाटते, वय झाले. पाठीचा शेवटचा भाग जिभेला पोचत नाही, म्हणून तिथले केस गुंततात, त्वचा बिघडते. लघवीच्या मार्गाचे विकारही जाड, घरातच राहणाऱ्या बोक्यांत जास्त दिसतात. हे सगळे हळूहळू होते आणि मांजर तक्रार करत नाही. दुखणे लपवण्यात त्याचा हात धरणारा प्राणी विरळा.

जाडी ओळखण्यासाठी काट्याइतकाच हात उपयोगी पडतो. मांजराच्या बरगड्यांवरून बोटे हलकेच फिरवावीत. पालथ्या पंजावरून बोट फिरवताना हाडे जशी कातडीखाली लागतात, तशा बरगड्या लागल्या तर ठीक. तळहातावर जसे मांस दाबून हाड शोधावे लागते, तसे झाले तर वजन जास्त. वरून पाहिल्यावर कंबर दिसायला हवी. पोटाखाली झुलणारी सैल झोळी मात्र फसवी असते. ती सडपातळ मांजरांनाही असते. उलट लांब केसांच्या पर्शियनमध्ये जाडी झाकून जाते, आणि मेन कून जातीचा नर सात किलोचा असूनही सडपातळ असू शकतो. डॉक्टर यासाठी नऊ गुणांची मोजपट्टी वापरतात. त्यात पाच म्हणजे योग्य, नऊ म्हणजे अतिलठ्ठ.

इथपर्यंत पटले की पुढची चूक घडते आणि ती पहिलीपेक्षा वाईट असते. ‘आजपासून याचे खाणे बंद’ असा फतवा निघतो. माणसाला एकादशी सोसते, जाड मांजराला सोसत नाही. खाणे अचानक थांबले की मांजराचे शरीर साठलेली चरबी मोठ्या प्रमाणात यकृताकडे पाठवते. तेवढी चरबी हाताळण्याची मांजराच्या यकृताची क्षमता नसते. ती यकृताच्या पेशींतच साचते, काम बंद पडते, कावीळ होते. जाड मांजर दोन-तीन दिवस काहीच खात नसेल तर एवढे व्हायला पुरते. उपचार म्हणजे अनेकदा नळीवाटे काही आठवडे अन्न देत राहणे, आणि सगळी मांजरे त्यातून वाचतात असेही नाही. गंमत अशी की भरपूर खाऊन जाड झालेले मांजरच उपासाने सर्वांत लवकर धोक्यात येते. म्हणून नवे खाद्य आवडत नाही म्हणून रुसलेल्या मांजराला ‘भूक लागली की खाईल’ हा न्याय लावू नये. पूर्ण एक दिवस तोंडात काहीच गेले नाही, तर डॉक्टरांना फोन करावा आणि तोवर जुने खाद्य पुढे ठेवावे.

मग वजन उतरवायचे कसे? हळू. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते दोन टक्के, या मर्यादेत. सहा किलोचा बोका साडेचारवर आणायचा असेल आणि आठवड्याला एक टक्का उतरत असेल, तर सहा-सात महिने लागतात. पहिल्या आठवड्यात उतरलेले वजन असते फक्त ६० ग्रॅम. घरचा वजनकाटा १०० ग्रॅमच्या पायरीने चालतो, त्यामुळे मांजराला कडेवर घेऊन रोज वजन पाहणाऱ्याच्या पदरी निराशाच येईल. तान्ह्या बाळांचा डिजिटल काटा मिळाला तर उत्तम. नाहीतर दोन-तीन आठवड्यांनी एकदा, त्याच दवाखान्यात, त्याच काट्यावर.

खरा हिशेब कॅलरींचा आहे आणि तो पोटात घातला जाईपर्यंत बाकी सगळे उपदेश वाया जातात. पशुवैद्यक सूत्राने काढतात ते उत्तर असे : साडेचार किलो हे योग्य वजन असलेल्या मांजराला वजन कमी करण्याच्या काळात दिवसाला साधारण १७० कॅलरी पुरतात. कोरड्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० ते ४०० कॅलरी असतात. म्हणजे दिवसभराचे खाणे झाले ४५ ग्रॅमच्या आसपास. काट्यावर मोजून ते एका वाटीत टाकले की घरातल्या प्रत्येकाची पहिली प्रतिक्रिया एकच असते : ‘एवढंसंच?’ यात दहा ग्रॅमची चूक झाली तर वीस टक्क्यांहून जास्त कोटा वाढतो. म्हणून कप, मूठ, अंदाज हे सगळे बाद. स्वयंपाकघरात केक किंवा मिठाईसाठी घेतलेला ग्रॅमचा काटा इथे कामाला येतो.

याच हिशेबात दूध बसवून पाहावे. अर्धा कप म्हणजे १०० मिलिलिटर म्हशीच्या दुधात जवळपास १०० कॅलरी असतात. मांजराच्या दिवसाच्या निम्म्याहून जास्त! माणसाच्या २००० कॅलरींच्या आहारात हेच प्रमाण धरले तर ते १२००च्या जवळ जाते, आणि एवढे झाल्यावरही घरचे म्हणतात, ‘आमचा बोका फक्त दूधच पितो, बाकी काही खात नाही.’ त्यात बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही. चीजचा एक छोटा चौकोन ६० कॅलरींचा, म्हणजे कोट्याच्या एक तृतीयांश. खाऊसाठी एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांपर्यंतच सूट असते, म्हणजे इथे १७. त्यात उकडलेल्या चिकनचे बोटाच्या पेराएवढे दोन तुकडे येतात. बिनमिठाचे, कांदा-लसणाशिवाय, कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात.

आता अडचण मांजराची राहत नाही, घराची होते. सकाळी आई वाटी भरते, दुपारी आजी दूधपोळी घालते, संध्याकाळी शाळेतून आलेला मुलगा खाऊ देतो, रात्री जेवताना बाबांच्या ताटातला बांगड्याचा तुकडा खाली जातो. प्रत्येकाने ‘थोडंसंच’ दिलेले असते आणि प्रत्येकाला वाटते, मांजर आपलेच आहे. आजीला ‘देऊ नका’ सांगणे हे औषधापेक्षा अवघड काम. त्यापेक्षा देणे चालू ठेवून माप बदलावे. दिवसाचे ४५ ग्रॅम सकाळीच मोजून एका छोट्या डब्यात काढून ठेवायचे. ज्याला जे द्यायचे ते त्याच डब्यातून. डबा रिकामा झाला की दिवस संपला. मांजराला आजीच्या हातचे हवे असते, दूधपोळी नव्हे. ते गोड चवीला भुलत नाही, कारण त्याला ती कळतच नाही. गोडाची चव ओळखणारे एक जनुक मांजरात निकामी झाले आहे, हे २००५ साली सिद्ध झाले.

पहाटे चारला छातीवर बसून ओरडणारे मांजर हा या कार्यक्रमाचा खरा शत्रू. झोपमोड टाळण्यासाठी उठून वाटी भरली की मांजराने माणूस शिकवला, एवढेच सिद्ध होते. शेवटचा घास रात्री उशिरा द्यावा आणि पहाटेच्या ओरडण्याला अन्नाने उत्तर देऊ नये. रानात किंवा गल्लीत जगणारे मांजर दिवसभरात उंदराएवढी लहान लहान आठ-दहा भक्ष्ये खाते. त्याच चालीने ४५ ग्रॅमचे चार-पाच भाग केले तर भूक कमी छळते. काही दाणे पुठ्ठ्याच्या नळीत किंवा अंड्याच्या ट्रेमध्ये लपवले तर खायला वेळ लागतो. घरात दोन मांजरे असतील, एक जाड आणि एक बारीक, तर बंद दाराआड वेगवेगळे जेवण हाच उपाय. व्यायामाबद्दल फार आशा धरू नये. दोरीशी खेळणे चांगलेच, पण सहा किलोचा बोका त्यावर बारीक होत नाही.

ओले खाद्य इथे उपयोगी पडते, कारण त्यात पाणी जास्त आणि १०० ग्रॅमला साधारण ७० ते १०० कॅलरीच असतात. पोट भरल्यासारखे वाटते, आणि मुळात पाणी कमी पिणाऱ्या प्राण्याच्या पोटात पाणीही जाते. ते महाग पडते, हे खरे. ‘ग्रेन-फ्री’ असे ठळक छापलेले पाकीट मात्र वजन उतरवण्याचे पाकीट नव्हे. त्यात कॅलरी जास्तही असू शकतात. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम बनवलेल्या खाद्यात प्रथिने आणि जीवनसत्त्वे वाढवलेली असतात. साधेच खाद्य फार कापले तर कॅलरींबरोबर तीही कापली जातात आणि चरबीऐवजी स्नायू झिजतात. जाडी बरीच असेल तर तो खर्च टाळू नये. कोणताही बदल आठ-दहा दिवस जुन्यात नवे मिसळत करावा.

घरचे उकडलेले चिकन-भात किंवा मासे हा पर्याय अनेकांना जवळचा वाटतो. पण मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे आणि त्याला टॉरिन हा घटक अन्नातूनच मिळावा लागतो. त्याच्या कमतरतेने मांजरांचे हृदय पसरून निकामी होते, हे कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवले आणि त्यानंतर बाजारातल्या खाद्यात त्याचे प्रमाण वाढवले गेले. मांस उकळून पाणी फेकले की टॉरिन त्या पाण्याबरोबर जाते. दहीभातावर किंवा दूधपोळीवर वाढणाऱ्या मांजरांचे काय होत असेल, याचा अंदाज यावरून करावा. शाकाहारी घराने मांजर पाळण्यात गैर काही नाही, मात्र मांजराला शाकाहारी करण्याचा हट्ट मांजराच्या जिवावर येतो.

खाद्य विकणाऱ्या कंपन्यांनाही यातून सुटका देता कामा नये. पाकिटावर मांजराचा चकचकीत फोटो मोठा आणि कॅलरींचा आकडा, असलाच तर, भिंग लावून शोधावा असा. किती द्यावे याच्या तक्त्यात ‘वजन’ लिहिलेले असते. ते मांजराचे आजचे वजन की असायला हवे ते, हे सांगितलेले नसते. सहा किलोच्या रकान्यात पाहून खाऊ घातले की सहा किलोच कायम राहतात. दर १०० ग्रॅममागे कॅलरी आणि नसबंदी झालेल्या प्राण्यासाठी वेगळे प्रमाण, एवढे ठळक छापायला कारखाना बदलावा लागत नाही. नसबंदीनंतर मांजराची ऊर्जेची गरज साधारण २० ते ३० टक्क्यांनी घटते आणि भूक मात्र वाढते. टाके काढण्याच्या दिवशीच दवाखान्याने हे कागदावर लिहून दिले, तर निम्मी जाड मांजरे जाड होणारच नाहीत, असे मानायला जागा आहे. नसबंदी टाळणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

‘दहा-पंधरा वर्षांचे आयुष्य, खाऊ दे की सुखाने,’ हा आक्षेप खोटा नाही. अखेरच्या आजारातल्या मांजराला जे आवडेल ते द्यावे; तिथे काटा बाजूला ठेवणेच योग्य. पण चार वर्षांच्या बोक्याला हा नियम लावणे म्हणजे त्याची पुढची दहा वर्षे जिना चढता न येण्यात घालवणे. तसेच म्हातारे मांजर काही न करता बारीक होऊ लागले तर ते यश समजू नये. थायरॉइड, मूत्रपिंड किंवा मधुमेह तपासून घ्यावा लागतो. आणि इन्सुलिन चालू असलेल्या मांजराचे खाणे घरच्या घरी मुळीच बदलू नये : आहार बदलला की इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरू शकते, जुनाच डोस दिला तर रक्तातली साखर कोसळते. काही मांजरांचे इन्सुलिन वजन उतरल्यावर पूर्ण थांबतेही, मात्र डोस किती आणि केव्हा कमी करायचा ते साखर मोजून डॉक्टरांनीच ठरवायचे असते.