विश्लेषण : ‘ड’ जीवनसत्त्वाच्या थेंबांनी बाळाचा न्यूमोनिया टळतो का?

धानाची मळणी आटोपते तशी भंडारा जिल्ह्यात थंडी वाढते आणि तान्ह्या बाळांचा खोकलाही. सकाळी दुपट्यात गुंडाळून बाळाला कोवळे ऊन दाखवले जाते. ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंबही सुरू होतात. पण एवढ्याने छाती सुरक्षित राहते का?

महाराष्ट्रातील अभ्यास काय सांगतो?
पुणे जिल्ह्यातील इंदापूरच्या रुग्णालयात पाच वर्षांपर्यंतच्या १५० मुलांचा अभ्यास झाला. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. श्वसनमार्गाच्या तीव्र संसर्गाने आजारी असलेल्या ८० पैकी फक्त १६ मुलांच्या रक्तात ‘ड’ची पातळी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त होती; असा आजार नसलेल्या ७० पैकी ४८ मुलांत ती तशी होती. उन्हात नेताना न गुंडाळलेली बाळे, पहिले चार महिने फक्त आईचे दूध आणि गॅसवरचा स्वयंपाक, यांचाही कमी धोक्याशी संबंध दिसला.

मग थेंब दिले की झाले?
नाही. संबंध दिसणे वेगळे आणि उपाय लागू पडणे वेगळे. काबूलमध्ये तीन हजारांहून अधिक बाळांवर चाचणी झाली. दर तीन महिन्यांनी एक लाख युनिटचा डोस देऊनही न्यूमोनिया घटला नाही, असे २०१२ मध्ये समोर आले.

थेंब तरी का द्यायचे?
हाडांसाठी. आईच्या दुधात ‘ड’ अत्यल्प असते आणि कोवळ्या उन्हात ते तयार करणारी अतिनील किरणे कमी असतात. त्याच्या कमतरतेने मुडदूस होतो. म्हणून बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षी रोज ४०० युनिट सुचवतात. मात्र काही बाटल्यांत एका मिलिलिटरला ४००, तर काहींत ८०० युनिट असतात. मात्रा डॉक्टरांकडूनच समजून घ्यावी. मोठ्यांची ६० हजार युनिटची पुडी बाळाला स्वतःहून कधीच देऊ नये.

न्यूमोनियापासून कसे वाचवायचे?
न्यूमोकोकल लस दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांना सरकारी केंद्रात मोफत मिळते. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीचा धूर नको. बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजावा. दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, तर दोन महिने ते वर्षभराच्या बाळात ५० किंवा अधिक श्वास हा धोक्याचा इशारा आहे. छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध पीत नसेल, तर लगेच रुग्णालय गाठावे.

थेंब द्यावेतच; पण त्यांच्या भरवशावर लस चुकवणे किंवा दवाखान्यात जायला उशीर करणे बाळाच्या जिवावर बेतू शकते.