खंबाटकी रोज कशासाठी?

१/ सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात खंबाटकी घाट आहे. तो रोज जीव तोडून चढल्यासच लांब पल्ल्याचा धावपटू घडतो, हा समज इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

२/ समर्थक एमिल झाटोपेकचा दाखला देतात. हेलसिंकी, १९५२ : ५,००० मीटर, १०,००० मीटर, मॅरेथॉन, तिन्हींत सुवर्ण. मात्र त्याच्या दोन वेगवान फेऱ्यांमधील संथ धाव ते सोयीस्कररीत्या वगळतात.

३/ न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड शिष्यांना आधी आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर, दम न तुटणाऱ्या गतीने धावायला लावत. चढ आणि वेग त्यानंतर. रोम, २ सप्टेंबर १९६० : पीटर स्नेल ८०० मीटरमध्ये, मरे हॅलबर्ग ५,००० मीटरमध्ये, एकाच दिवशी सुवर्ण.

४/ संथ धावेने स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. थकल्या पायांनी वेगही साधत नाही आणि विश्रांतीही.

५/ घाट आठवड्यातून एक-दोनदा पुरे. उरलेले दिवस नीरेकाठच्या सपाटीचे. भरतीपूर्वीच ज्याची नडगी निकामी होते, त्या तरुणाला आळशी ठरवणाऱ्यांनी आधी आपली शिकवण तपासावी.