नमुना फुकट, दाम पसंतीनंतर

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. पदवीनंतर त्याने मसाल्यांचा घरगुती धंदा सुरू केला होता. आज त्याच्याकडे तीसएक बायका कामाला आहेत आणि माल चार जिल्ह्यांत जातो. आता पाकिटे, बोधचिन्ह, जाहिराती हे सारे त्याला नव्याने करून हवे होते. ‘‘सर, एखादा ग्राफिक डिझायनर सुचवा,’’ तो म्हणाला, ‘‘मात्र आधी चार-पाच जणांकडून नमुने करून घेईन. ज्याचा पसंत पडेल त्याला पैसे.’’ मी विचारले, ‘‘आणि उरलेल्या चौघांना?’’ त्याला माझा प्रश्नच कळला नाही.

हा मनुष्य दुष्ट नाही. बायकांची मजुरी तो शनिवारच्या शनिवारी चुकती करतो. म्हणूनच त्याची गोष्ट येथे सांगावीशी वाटली. जे शोषण रिवाज होऊन बसते ते सज्जनालाही दिसेनासे होते.

याच गृहस्थाने यंदा मिरची दळण्याचे नवे यंत्र घेतले. पाच कारखानदारांना बोलावून ‘आधी यंत्रे बसवा, महिनाभर दळून दाखवा, पसंत पडेल त्याला पैसे’ असे त्याने सांगितले काय? सांगितले असते तर त्यांनी त्याला वेड्यात काढले असते. यंत्राची किंमत तो भांडवली गुंतवणूक म्हणून वहीत मांडतो. जे पाकीट दहा वर्षे त्याचा माल विकणार, ते मात्र किरकोळ खर्चाच्या रकान्यात, आणि शक्य झाले तर फुकट! कारण काय, तर ‘‘कॉम्प्युटरवरचे तासाभराचे काम.’’

हे तासाभराचे काम काय असते ते पाहू. पाकिटावर निव्वळ वजन व कमाल किरकोळ किंमत यांच्या आकड्यांची उंची किती असावी, हे २०११ च्या वैधमापन नियमांनी ठरविले आहे. शाकाहाराची हिरवी खूण, अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक, घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता हे सारे तळहाताएवढ्या जागेत बसवून वर ते पाकीट दुकानाच्या फळीवर दहा पावलांवरून ओळखू आले पाहिजे. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाला स्वतंत्र सिलिंडर कोरावा लागतो. आठ रंगांचे काम पाच रंगांत निभावणारा डिझायनर मालकाचे तीन सिलिंडर वाचवितो. ही जाण कुठल्या यंत्राने दिली? ती वर्षानुवर्षांच्या श्रमातून येते, आणि त्या शिक्षणाचा खर्च घरच्यांनी सोसलेला असतो.

‘‘पण सरकारही स्पर्धा घेते,’’ असे विद्यार्थ्याने मला ऐकविले. खरे आहे. रुपयाच्या चिन्हासाठी केंद्र सरकारने २००९ मध्ये स्पर्धा जाहीर केली. तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या आणि १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने उदय कुमार यांचे चिन्ह स्वीकारले. त्यांना अडीच लाखांचे पारितोषिक मिळाले. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या या कलावंताचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण हजारो जणांचे श्रम विनामोल गेले, हाही त्याच स्पर्धेचा हिशोब आहे. राष्ट्राच्या चिन्हासाठी एकदा तसे घडले म्हणून कांदा-लसूण मसाल्याच्या पाकिटाने तोच मान मागावा?

अर्थशास्त्राच्या भाषेत येथे जोखमीचे हस्तांतर होते. आपल्याला नेमके काय हवे ते मालकाला ठाऊक नसते, आणि त्या अज्ञानाची किंमत पाच तरुण आपल्या रात्री जागवून भरतात. मार्क्सने १८६७ साली ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात नगावरच्या मजुरीला स्वतंत्र प्रकरण दिले. तेथे निदान मालास उतरलेल्या नगाचे दाम ठरलेले असे. येथे नगात दोष काढलेला नाही, तो नुसता नापसंत आहे, आणि पुष्कळदा त्याच नापसंत नमुन्यातली कल्पना पुढे दुसऱ्याकडून स्वस्तात उतरवून घेतली जाते.

कायदा अगदीच मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पगारी नोकराने नोकरीत केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा होतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने हक्क सोपवायचे तर ते लेखी हवे. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. सूक्ष्म व लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या डिझायनरचे बिल, करारात काहीही लिहिले तरी, पंचेचाळीस दिवसांत चुकते करावे लागते. चुकल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. हे २००६ च्या कायद्यात आहे, पण कागद हाती नसलेला तरुण ते मागणार कुणाकडे?

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा धाक घातला जातो. चित्र ती काढील, पण सिलिंडर चुकीचा कोरला गेला तर जाब तिला विचारता येत नाही.

विद्यार्थ्याला मी सांगितले, ‘‘आधी केलेली कामे बघ, त्यावरून एकाची निवड कर, पहिल्या कच्च्या आराखड्याचेही पैसे दे, किती वेळा फेरफार करून मिळतील ते लिहून घे, आणि काम वर्षभर पुरणारे असेल तर सरळ पगारावर ठेव.’’ त्याने मान डोलावली. मग चहाचा कप खाली ठेवून त्याने हळूच विचारले, ‘‘सर, तुमच्या शिबिराचे पोस्टर छान होते. ते कुणी केले? काय दिलेत?’’

कार्यकर्त्या मित्रांनो, मी निरुत्तर झालो. मांडववाल्याला दिले, छापखान्याला दिले, जेवणवाल्याला आगाऊ दिले. पोस्टर करणाऱ्या मुलीला आपण ‘चळवळीचे काम आहे’ एवढेच दिले होते, आणि तेही तीनदा मजकूर बदलून. ती पक्षाची सभासदही नाही. त्याच संध्याकाळी मी तिला फोन केला. ती बराच वेळ आकडा सांगायलाच तयार होईना.