कमाई कॅनबेराची, गर्दी टार्नीटची

३१ ऑगस्ट २०२५ ला सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन, अ‍ॅडलेड, पर्थ अशा ऑस्ट्रेलियातल्या सगळ्या मोठ्या शहरांत ‘मार्च फॉर ऑस्ट्रेलिया’ नावाचे मोर्चे निघाले. मागणी एकच, बाहेरून येणारे लोंढे थांबवा. प्रचाराच्या पत्रकात भारतीयांचं नाव घेऊन लिहिलं होतं, की शंभर वर्षांत ग्रीक आणि इटालियन मिळून आले नाहीत तेवढे हे पाच वर्षांत आले. मेलबर्नला तर नव-नाझी गटाचा म्होरक्या विधिमंडळाच्या पायऱ्यांवरून भाषण ठोकून गेला.

आपल्या तालुक्यातली किती पोरं तिकडे आहेत, हे मी सांगायला नको. त्यामुळे तेव्हापासून आपल्या ग्रुपांवर दोन प्रकारचे फॉरवर्ड फिरताहेत. पहिला: ‘गोरे जळतात आपल्यावर.’ दुसरा: ‘आपल्याच फुकट्या पोरांनी देशाचं नाव घालवलं.’ दोन्ही फॉरवर्ड वाचायला सोपे आहेत आणि दोन्ही चूक आहेत. कारण या भांडणातला खरा प्रश्न रंगाचा कमी आणि जमाखर्चाचा जास्त आहे. बाहेरून माणूस आला की पैसा कुणाच्या तिजोरीत जातो आणि खर्च कुणाच्या अंगावर पडतो? तिकडचे पुढारी हा प्रश्न टाळतात, म्हणून रस्त्यावर माणसं एकमेकांवर ओरडताहेत.

आधी समोरच्याचं ऐकून घेऊ. २०२२-२३ या एका वर्षात ऑस्ट्रेलियात आलेल्यांतून गेलेले वजा केले तर सुमारे ५ लाख ३६ हजार माणसं वाढली. पुढच्या वर्षी सुमारे ४ लाख ४६ हजार. देशाची लोकसंख्या तीन कोटींच्या आत. हा आकडा मोठा आहे, आणि तो मोठा आहे असं म्हणणारा प्रत्येक माणूस वर्णद्वेषी नसतो. करोनात सीमा बंद असताना २०२०-२१ मध्ये उलट सुमारे ८५ हजार माणसं कमी झाली होती. सीमा उघडल्यावर दोन-तीन वर्षांचे विद्यार्थी एकदम आले. कारण समजलं तरी ज्याला भाड्याचं घर मिळत नाही त्याला त्याचा काय उपयोग? त्या काळात शंभरात जेमतेम एखादं भाड्याचं घर रिकामं होतं. विद्यार्थी परत आले तशी भाडी चढली, हेही खरं. ते नाकारून आपण काही कमावत नाही.

आता ‘फुकट खातात’ हा आरोप. इथे मात्र नियमच वाचून दाखवतो.

विद्यार्थी व्हिसावरच्या आपल्या मुलाला मेडिकेअर, म्हणजे तिकडची सरकारी आरोग्यसेवा, मिळत नाही. त्याला खाजगी आरोग्य विमा घ्यावाच लागतो. कॉलेजची फी पूर्ण, सरकारी सवलत शून्य. कायमचा रहिवासी झाल्यावर मेडिकेअर मिळतं, पण नोकरी गेल्यावरचा भत्ता मिळायला साधारण ४ वर्षं थांबावं लागतं. (निर्वासितांना यातून सूट आहे.) म्हातारपणाच्या पेन्शनसाठी १० वर्षांचं वास्तव्य लागतं. अपंगांसाठीची ‘एनडीआयएस’ ही योजना, जिच्यावर वर्षाला ४० अब्ज डॉलरहून जास्त खर्च होतो आणि जिच्या नावाने तिकडे रोज बोंब असते, तीही तात्पुरत्या व्हिसावाल्यांसाठी नाही. म्हणजे ज्या खर्चाचं खापर उबर चालवणाऱ्या विद्यार्थ्यावर फुटतं, त्या खर्चाच्या रांगेत त्याला उभंही राहता येत नाही.

आणि हिशेब तिकडच्या सरकारनेच मांडलेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या अर्थखात्याने २०२१ मध्ये अंदाज काढला. २०१८-१९ मध्ये कायमचे आलेले लोक आयुष्यभरात सरासरी प्रत्येकी ४१ हजार डॉलर सरकारला जास्त देतात. सर्वसाधारण ऑस्ट्रेलियन माणसाच्या बाबतीत हाच आकडा ८५ हजार डॉलर तुटीचा आहे. कुशल कामगार म्हणून आलेला तर १ लाख ९८ हजार डॉलर देतो. याचं गुपित साधं आहे. त्याचं बाळंतपण, बालवाडी, शाळा, इंजिनिअरिंग, सगळ्याचा खर्च आपण इथे केला. ऑस्ट्रेलियाला तो कमावता, कर भरता मिळाला. आपण पेरलं, त्यांनी कापलं. फुकटचा हिशेबच करायचा तर तो इथून सुरू करा.

मग टार्नीटचा माणूस का चिडलाय?

टार्नीट हे मेलबर्नच्या पश्चिम टोकाचं उपनगर. भारतीयांची मोठी वस्ती, मराठीही कानावर पडेल. २०१५ मध्ये तिथे रेल्वे स्टेशन झालं. पण लोकल नाही, तर डिझेलवर चालणारी, जिलाँगहून भरून येणारी प्रादेशिक गाडी तिथे थांबते. आपल्याकडे मागच्या स्टेशनवरच ठासून भरलेल्या गाडीत चढायची जी कसरत असते, तीच. नवी घरं भराभर उठली, गाड्या आणि रस्ते मागे राहिले.

आता खाती बघा. व्हिसा कुणाला द्यायचा हे ठरवतं कॅनबेरातलं केंद्र सरकार. व्हिसाची फी त्याची, आयकर त्याचा. रेल्वे, रस्ता, सरकारी शाळा, सरकारी दवाखाना चालवायचा तो मात्र राज्याने. जीएसटीचा वाटा राज्यांना येतो, दवाखान्याला केंद्राची मदतही येते. पण माणसं येतात आज, आणि रेल्वेचा रूळ पडतो दहा वर्षांनी. ‘एवढी माणसं येऊ देतो, तर एवढ्या शाळा, एवढ्या गाड्या, एवढी घरं आधी’ असा बांधील हिशेब कॅनबेराने राज्यांशी केलेला नाही. जुलै २०२४ पासून पाच वर्षांत १२ लाख घरं बांधायचं लक्ष्य जाहीर झालंय, पण काम वेगात मागे आहे.

प्लॅटफॉर्मवर गाडी सुटलेल्या माणसाला कॅनबेरातली फाईल दिसत नाही. त्याला शेजारी उभा असलेला सावळा चेहरा दिसतो. मोर्चेवाल्यांनी नेमका याचाच फायदा उठवला.

घरांच्या किमतीचं बघा. २०२१ मध्ये सीमा बंद होत्या, बाहेरून माणूस येत नव्हता. त्या एका वर्षात ऑस्ट्रेलियात घरांच्या किमती सुमारे २२ टक्के वाढल्या. रिझर्व्ह बँकेने व्याजदर ०.१० टक्क्यावर आणून ठेवला होता, कर्ज स्वस्त, उड्या पडल्या. शिवाय १९९९ मध्ये गुंतवणुकीच्या नफ्यावर निम्मी करसवलत दिली गेली, आणि भाड्याच्या घरातला तोटा दाखवून आयकर वाचवायची सोय त्याच्या आधीपासून होती. २०१९ च्या निवडणुकीत मजूर पक्ष या सवलती कमी करू म्हणाला आणि निवडणूक हरला. दोन-तीन घरं बाळगणारा मतदार असतो. विद्यार्थी मतदार नसतो. कुणावर बोट दाखवणं सोपं, सांगा बरं!

आता पुढाऱ्यांची तोंडं पाहा. तेव्हाचे विरोधी पक्षनेते पीटर डटन म्हणाले, कायमचे व्हिसे १ लाख ८५ हजारांवरून १ लाख ४० हजारांवर आणतो. पण सरकारने २०२५ साठी नव्या परदेशी विद्यार्थ्यांवर २ लाख ७० हजारांची मर्यादा घालायचा कायदा आणला, तेव्हा डटन यांच्याच आघाडीने ग्रीन पक्षासोबत तो नोव्हेंबर २०२४ मध्ये अडवला. प्रश्न सुटला तर भाषण कशावर करायचं? मे २०२५ मध्ये डटन स्वतःच्या मतदारसंघातही पडले, तो भाग वेगळा.

सत्ताधारी मजूर पक्षही धुतल्या तांदळासारखा नाही. विक्रमी आकडे त्यांच्याच काळातले. परदेशी शिक्षण हा तिकडे २०२३-२४ मध्ये ५१ अब्ज डॉलरचा धंदा होता. लोखंड, कोळसा आणि गॅस यांच्यानंतर याचाच नंबर. विद्यापीठांना सरकार पुरेसं देत नाही, ती खड्डा भरतात आपल्या पोरांच्या फीमधून. आणि गर्दीची ओरड झाली की हेच सरकार विद्यार्थी व्हिसाची फी ७१० डॉलरवरून जुलै २०२४ मध्ये १,६००, आणि जुलै २०२५ मध्ये २,००० डॉलर करतं. गर्दीवर हा इलाज झाला? हा टोलनाका झाला. दुभती गाय म्हणून दावणीला बांधायचं आणि गोठा अरुंद झाला म्हणून तिलाच काठी मारायची.

सप्टेंबर २०२५ मध्ये सिनेटर जॅसिंटा नाम्पिजिन्पा प्राइस यांनी सुचवलं, की भारतीय मजूर पक्षाला मतं देतात म्हणून त्यांना आत घेतलं जातं. अहो, तिकडे मत द्यायला नागरिकत्व लागतं आणि नागरिकत्वाला किमान ४ वर्षांचं वास्तव्य. विमानतळावर उतरल्या उतरल्या कुणी मतपेटीकडे जात नाही. प्राइसबाईंनी माफी मागितली नाही, मग तेव्हाच्या पक्षनेत्या सुसान ली यांना पाठिंबा आहे असंही म्हणेनात, आणि शेवटी विरोधकांच्या सावली मंत्रिमंडळातून गेल्या.

हे झालं त्यांचं. आता आपल्याकडे वळतो, तिथे काही जणांना झोंबेल.

एक. तिकडे स्थिरावलेली आपली मंडळी आई-बाबांच्या कायमच्या व्हिसासाठी सरकारला नावं ठेवतात. साध्या पालक व्हिसाची रांग तीस वर्षांच्या वर गेली आहे. म्हणजे अर्ज करणारा बाप रांगेतच जाणार. खोटी आशा लावून अर्ज आणि फी घ्यायची, ही क्रूर थट्टाच आहे. पण अर्थखात्याच्या त्याच अंदाजात एका पालकामागे सरकारला आयुष्यभरात ३ लाख ९४ हजार डॉलरचा भार पडतो, असंही लिहिलंय. कुशल कामगाराचा आकडा छाती फुगवून सांगायचा आणि हा लपवायचा, असं चालणार नाही. आई-बाप जवळ असणं ही माणुसकीची मागणी आहे, तिला तसंच म्हणा आणि तिची किंमत आहे हेही मान्य करा. तेवढा प्रामाणिकपणा दाखवला तर तिकडचा सामान्य माणूसही ऐकेल.

दोन. दहा-पंधरा वर्षांपूर्वी गेलेले काही जण आता म्हणतात, ‘आम्ही गुणांवर आलो, ही नवीन पोरं कुठल्याही कोर्सला येतात, दार बंद करा.’ दादा, तुम्ही गेलात तेव्हाही तुमच्या मागच्यांनी हेच म्हटलं होतं. मोर्चातला माणूस तुमचा पासपोर्ट बघत नाही. त्याच्या डोळ्यांना तुम्ही आणि तो नवखा पोरगा सारखेच.

तीन. आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. मेलबर्नचा व्हिडिओ बघून ‘किती हा द्वेष’ म्हणणारे आपलेच भाऊबंद इथे भय्याला, बिहाऱ्याला काय बोलतात? २००८ मध्ये रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय पोरांना कल्याणला मारलं, तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी टाळ्या वाजवल्या? मराठीचा आग्रह धरा, मीही धरतो. स्थानिकांना नोकऱ्या मागा, जरूर मागा. पण मुंबईची लोकल भरली, झोपडपट्टी वाढली, दवाखान्यात खाट नाही, याचा जाब सरकारला विचारायचा की पाणीपुरीच्या गाडीवाल्याला? टार्नीटच्या गोऱ्या माणसाला जे शहाणपण आपण शिकवतो, ते आधी ठाण्यात लागू करा. तिकडे आपण बिहारी आहोत, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

ज्यांच्या घरी सध्या ऑस्ट्रेलियाचं बोलणं चालू आहे त्यांच्यासाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी. एजंट सांगो न सांगो, व्हिसाची २,००० डॉलर फी, म्हणजे लाखाच्या वर, व्हिसा नाकारला तरी परत येत नाही. एका वर्षाच्या राहण्या-खाण्यासाठी २९,७१० डॉलर दाखवावे लागतात, म्हणजे सोळा लाखांच्या वर, आणि कॉलेजची फी व विमानाचं तिकीट वेगळं. कॉलेज चालू असताना पंधरवड्यात ४८ तासच काम करता येतं. तेवढ्या कमाईतून फी निघेल असं कुणी सांगत असेल तर शेत गहाण टाकायच्या आधी कागद-पेन घेऊन बसा.

ऑस्ट्रेलियाने किती माणसं घ्यायची हा त्यांचा हक्क आहे. दोन लाख घ्या, पन्नास हजार घ्या, नका घेऊ. पण जेवढी बोलावता, जेवढ्यांची फी आणि कर मोजून घेता, तेवढ्यांसाठी गाडीचा डबा, शाळेची खोली आणि दवाखान्यातली खाट आधी मांडा. तिथल्या मतदाराने हा जाब कॅनबेराला विचारायला हवा, आणि तिथल्या आपल्या माणसांनी त्याच्या शेजारी उभं राहून विचारायला हवा. कारण गाडी दोघांचीही सुटते.

पटलं नसेल तर कमेंटमध्ये आकड्यानिशी लिहा, उत्तर देईन. शिव्या देणाऱ्यांना, मग ते इथले असोत की मेलबर्नचे, सरळ ब्लॉक.