सध्या काय वाचताय? खरं सांगा

१५ ऑक्टोबरला, म्हणजे वाचन प्रेरणा दिनाला, आपल्या गावातल्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, 'मंडळी, सध्या काय वाचताय?' एरवी त्या ग्रुपवर पाणी कधी सुटणार आणि लाइट का गेली एवढंच चालतं. पण त्या दिवशी तासाभरात चाळीसेक उत्तरं आली. मृत्युंजय. ययाती. अग्निपंख. श्यामची आई. पुन्हा मृत्युंजय. एका माजी नगरसेवकांनी ज्ञानेश्वरी टाकली, त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागली. मी मागे कसा राहणार, पत्रकार माणूस! मी टाकलं, 'हिंदू - नेमाडे'.

आता खरं सांगतो. 'हिंदू' माझ्या टेबलावर आहे, हे खरं आहे. पान ४६ वर खूण आहे, हेही खरं. खूण म्हणजे लाइटबिल आहे आणि ते दोन वर्षांपूर्वीचं आहे.

पुढच्या आठवड्यात बातमीसाठी आपल्या सार्वजनिक ग्रंथालयात गेलो होतो. अनुदानाचा हप्ता रखडला की तिथल्या लोकांचे पगार थांबतात, तीच दरवेळची बातमी. ग्रंथपाल ताईंना सहज विचारलं, 'मृत्युंजय सध्या कुणाकडं आहे हो?' ताई हसल्या. 'कुणाकडंच नाही. चारही प्रती कपाटात आहेत.' एक प्रत काढून मागच्या तारखांची चिठ्ठी दाखवली. शेवटचा शिक्का लॉकडाऊनच्या आधीचा.

कुणी म्हणेल, लोकांनी घरची प्रत वाचली असेल. असेल बुवा. चाळीस जणांनी एकाच आठवड्यात घरची प्रत काढली असेल.

मग बाहेर गेलेली पुस्तकं कोणती? देवघेवीचं रजिस्टर चाळलं. नारायण धारपांच्या भयकथांना नंबर लावावा लागतो. सुहास शिरवळकर अजून फिरतायत. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं तर जागेवर सापडतच नाहीत. मधुमेह, गुडघेदुखी, शेळीपालन, ड्रॅगनफ्रूट. आणि 'एक होता कार्व्हर', जे बहुतेक दरवर्षी कुठल्यातरी शाळेतल्या पोरांच्या हाती लागतं. मला ते रजिस्टर फार आवडलं. आपल्या गावाची खरी बातमी त्यात होती. कुणाला कशाची भीती आहे, कुणाला नोकरी हवी आहे, कुणाचे गुडघे दुखतायत, सगळं. ग्रुपवरच्या यादीत यातलं काहीच नव्हतं. धारप वाचतो म्हणायची लाज वाटते आपल्याला. का वाटावी? रात्री दोन वाजेपर्यंत जागून जे पुस्तक संपवलं, त्याचं नाव सांगायला नको आणि जे उघडलंच नाही त्याचं सांगायचं, ही सवय आपल्याला शाळेतल्या 'माझे आवडते पुस्तक' या निबंधापासून लागली असावी.

हे एवढं ताणून का सांगतोय? कारण खरं उत्तर मिळाल्यानं माझं स्वतःचं काम एकदा बदललंय.

काही वर्षांपूर्वी एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत होतो. ओळखीचे एक कंडक्टर बाकावर पुस्तक घेऊन बसलेले, कव्हर वर्तमानपत्राचं. काय वाचताय विचारलं, तर म्हणाले, 'झाडाझडती. पण दादा, दोनशे पानांवर अडकलोय. पुढं वाचवत नाही. आमच्या मामाचं गाव असंच गेलं.' विश्वास पाटलांची १९९१ ची कादंबरी. धरणात गावं गेलेल्या माणसांची. अकादमी पुरस्कार मिळालेली, म्हणून नाव मला तोंडपाठ. वाचली नव्हती. 'वाचवत नाही' म्हणाले म्हणून मी वाचायला घेतली. 'वाचाच, अप्रतिम आहे' असं म्हणाले असते तर मान हलवून विसरलो असतो.

आपल्या तालुक्यात धरणातून उठवून आणून बसवलेल्या वसाहती आहेत. त्यांच्या मोर्चाची बातमी मी तोवर बारा वर्षं लिहीत होतो. एकच साचा. 'विविध मागण्यांसाठी धरणग्रस्तांचे धरणे, तहसीलदारांना निवेदन.' फोटोत निवेदन देणारे पाच जण आणि घेणारे साहेब. कादंबरी वाचून संपवली आणि पुढच्या मोर्चानंतर वसाहतीत गेलो. कायद्यानं द्यायच्या अठरा नागरी सुविधांची यादी खिशात होती. एकेक विचारत गेलो. शाळा? आहे. रस्ता? आहे म्हणायचं. स्मशानभूमी? एक म्हातारी म्हणाली, 'जागा दावलीया, वाट न्हाई.' वाट दुसऱ्याच्या शेतातून जाते आणि तो अडवतो. बारा वर्षांच्या बातम्यांत 'विविध मागण्या' या दोन शब्दांत ही वाट मी गाडून टाकली होती. ती बातमी लागली. वाट अजून पूर्ण झालेली नाही, मुरूम पडलाय. पण ती बातमी मला त्या बाकावर मिळाली, हे मी विसरत नाही.

तर मुद्दा असा. आपलं ग्रंथालय १९६७ च्या कायद्याखालचं, शासनमान्य. वर्ग ठरतो, त्याप्रमाणे अनुदान येतं, त्यातला काही भाग पुस्तकांवर खर्च करावाच लागतो. तो कसा होतो? हप्ता उशिरा येतो, मार्चअखेर डोक्यावर येते, मग घाईघाईनं खरेदी. कार्यकारिणीवर टीका करायची म्हणून करत नाही, त्यातले बरेच जण पदरचे पैसे घालणारे आहेत. पण पुस्तकं निवडली जातात ती कोणता विक्रेता किती सूट देतो त्यावर. जास्त सूट म्हणजे जास्त नग, जास्त नग म्हणजे दाखल नोंदवहीत जास्त आकडे. यंदाच्या गठ्ठ्यात यशाच्या गुरुकिल्ल्या किती आहेत मोजून बघा. एकाच थोर पुरुषाची चार पातळ चरित्रं आहेत, चारही एकमेकांवरून उतरवल्यासारखी. आणि 'झाडाझडती'ची जी एक प्रत होती ती पानं सुटून बाद झाली. नवी आलेली नाही.

ताईंना विचारलं, वाचकांना काय हवं ते विचारत नाही का? त्यांनी टेबलाच्या खणातून एक वही काढली. वाचकांच्या मागणीची वही. आहे, रीतसर आहे. शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची, तीही 'पंखा दुरुस्त करावा' अशी.

म्हणजे खरेदी करणाऱ्यांना दोष देण्याआधी आपण गप्प बसलोय हे कबूल करायला हवं. समितीला आपली आवड कळणार कशी? ग्रुपवरची यादी वाचून ते उद्या आणखी चार मृत्युंजय आणतील! (कादंबरीबद्दल तक्रार नाही. मी दहावीच्या सुट्टीत वाचली आणि आठवडाभर कर्ण होऊन हिंडलो.)

साताऱ्यातल्या भिलारला २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं. घराघरांत पुस्तकं ठेवलीत, कुणीही जाऊन वाचावं. आपल्याकडं तसं व्हावं असं भाषणांत ऐकतो. होईल तेव्हा होईल. सध्या आपल्याकडं एक पुढाऱ्यांच्या नावाची पाटी असलेली इमारत, एक ताई, एक शिपाई आणि एक रिकामी वही आहे. जानेवारीत खरेदीची यादी करायला घेतील. मधे दोन महिने आहेत.

मी कार्यकारिणीच्या सचिवांशी बोललो. दाराशेजारच्या फळ्यावर 'सध्या मी वाचतोय' असा एक कोपरा ठेवायला त्यांची हरकत नाही. खडू ताईंकडं मिळेल. नाव घाला किंवा घालू नका, पण पुस्तक खरं लिहा. अर्धवट सोडलं असेल तर कुठल्या पानावर सोडलं तेही लिहा, धारप असेल तर धारप लिहा. आणि जे हवं असून मिळत नाही ते खणातल्या वहीत लिहा. यादी होईल तेव्हा त्या वहीचे फोटो मी इथं टाकीन आणि मार्चनंतर आलेल्या पुस्तकांची यादीही शेजारी टाकीन. मग बोलू.

वहीत पंख्याच्या खाली मी नोंद करून आलोय, 'झाडाझडती, दोन प्रती'. फळ्यावर लिहिलंय, 'हिंदू, पान ४६, दोन वर्षं'. ताई वाचून म्हणाल्या, 'सर, एवढं खरं नको होतं.' पंखा अजून तसाच आहे.

वेळ सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ४ ते ८. सोमवारी बंद.